सही करण्याआधी विचारा: ‘नाही’ म्हटलं तर बाबांना काय मिळेल?

प्रश्न थोडक्यात असा. बाबा ६६ वर्षांचे, वीस वर्षांचा मधुमेह, आता लघवीतून प्रथिनं जायला लागलीत आणि क्रिएटिनिन (किडनी बिघडली की वाढणारा रक्तातला आकडा) १.९ वर आलंय. किडनीचे डॉक्टर म्हणाले, एका नव्या औषधाची ट्रायल चालू आहे, त्यात बाबांचं नाव घालू. गोळ्या फुकट, तपासण्या फुकट, येण्याजाण्याचे पैसेही मिळतील. हातात अठरा पानांचं मराठी संमतीपत्र दिलं आणि सोमवारी या म्हणाले. काका म्हणतात, "दादाला प्रयोगाचा उंदीर करताहेत." बाबा म्हणतात, "डॉक्टर एवढं सांगताहेत तर करून टाकू सही." तुम्ही मधल्या मधे अडकलात आणि विचारताय, करू द्यावी का?

मी औषधशास्त्र शिकले, शिकवलं, पंधरा-सोळा वर्षं ट्रायलमध्ये संशोधक म्हणून काम केलं आणि नंतरची दहा वर्षं एथिक्स कमिट्यांवर, म्हणजे रुग्णांवरचं संशोधन योग्य आहे का हे तपासून मंजुरी देणाऱ्या समित्यांवर, बसले. रुग्णाकडून सही घेणारीही मीच होते आणि इतरांनी घेतलेल्या सह्या तपासणारीही. त्यामुळे उत्तर लांबणार आहे. घाईत असाल तर एवढंच वाचा: या सोमवारी सही नको. सोमवारी जा, पण एकच गोष्ट विचारायला: "आम्ही नाही म्हटलं, तर उद्यापासून बाबांचे उपचार काय असतील?" न चिडता, कागदावर लिहून, गोळ्यांच्या नावांसकट उत्तर मिळालं तर ट्रायल बहुधा बऱ्या माणसांच्या हातात आहे. "मग काय, आहे तेच चालू ठेवायचं" असं तुटक उत्तर आलं, तर पुढचं सगळं वाचा.

आधी काकांचा उंदीर. तुमच्या कागदावर तिसरा टप्पा असं लिहिलंय. म्हणजे उंदरांवर, इतर प्राण्यांवर, मग थोड्या निरोगी माणसांवर आणि त्यानंतर काही रुग्णांवर हे औषध आधीच वापरून झालंय. आता शेकडो-हजारो रुग्णांवर ते खरंच कामाचं आहे का, हे बघायचंय. काका चुकताहेत ते इथे. पण डॉक्टरांनी "नवीन औषध आहे, चांगलं आहे" असं म्हटलं असेल, तर तेही चुकताहेत. चांगलं आहे हे माहीत असतं तर ट्रायल कशाला केली असती?

तुमच्याच आजारातलं उदाहरण देते. बार्डोक्सोलोन नावाचं औषध होतं. मधुमेहामुळे किडनी बऱ्याच खराब झालेल्या २,१८५ रुग्णांवर त्याची ट्रायल सुरू झाली. आधीच्या छोट्या अभ्यासांत किडनीचे आकडे सुधारले होते, सगळे खूश होते. मोठ्या ट्रायलमध्येही आकडे सुधारलेच. रुग्णाच्या घरचे रिपोर्ट घेऊन आले असते तर म्हणाले असते, वा, गुण आला. पण औषध घेणाऱ्या गटात हृदय निकामी होऊन दवाखान्यात दाखल होणारे आणि त्याने दगावणारे ९६ निघाले, औषध नसलेली नुसती गोळी घेणाऱ्या गटात ५५. ऑक्टोबर २०१२ मध्ये ट्रायल मधेच थांबवली. थांबवा म्हणून सांगितलं ते आकड्यांवर नजर ठेवणाऱ्या स्वतंत्र समितीने. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना कोण कुठल्या गटात आहे हे माहीतच नव्हतं.

आणि उलटंही होतं. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या सुरू केल्या की पहिल्या काही आठवड्यांत किडनीचा आकडा जरा बिघडलेला दिसतो, घाबरून लोक गोळी बंद करतात; आणि दोन-तीन वर्षांनी बघितलं तर याच गोळ्यांनी डायलिसिस लांबवलेलं असतं. एका माणसाच्या रिपोर्टवरून यातलं काहीही कळत नाही. म्हणून दोन गट लागतात, चिठ्ठ्या टाकून गट पाडावे लागतात, एका गटाला औषधासारखीच दिसणारी पण आत औषध नसलेली गोळी, म्हणजे प्लासिबो, द्यावी लागते. कोविडमध्ये आपण सगळ्यांनी हा धडा घेतला असेल असं मला वाटलं होतं. २०२० मध्ये कोविडमधून बऱ्या झालेल्यांच्या रक्तातल्या प्लाझ्मासाठी रात्री-अपरात्री फोन फिरत होते. आयसीएमआरने देशातल्या ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर नीट तुलना केली आणि प्लाझ्माने ना आजार वाढायचा थांबला, ना मृत्यू कमी झाले. तरीही २०२१ च्या एप्रिलमध्ये प्लाझ्मासाठी माणसं पळतच होती. असो.

तेव्हा प्लासिबो म्हणजे फसवणूक नाही. पण इथेच खरी मेख आहे. प्लासिबोच्या गटातल्या माणसाला *त्याशिवाय* काय मिळतं?

प्लासिबो "चालू उपचारांच्या जोडीला" देतात असं तुमच्या कागदात असेलच. ते चालू उपचार कुठले, हे नावानिशी शोधा. मधुमेहाच्या किडनीसाठी लोसार्टनच्या जातीच्या गोळ्या उपयोगी आहेत हे २००१ मध्ये सिद्ध झालं. २०१९ आणि २०२० मध्ये कॅनाग्लिफ्लोझिन आणि डापाग्लिफ्लोझिनच्या मोठ्या ट्रायल आल्या. फायदा इतका स्पष्ट होता की दोन्ही वेळेवर संपायच्या आत थांबवल्या. २०२० मध्येच डापाग्लिफ्लोझिनचं मूळ पेटंट भारतात संपलं, कित्येक कंपन्यांनी ती गोळी काढली आणि किंमत धाडकन उतरली. म्हणजे आज बाबांसारख्या रुग्णाला लोसार्टनची जात आणि डापाग्लिफ्लोझिनची जात या दोन्हींचा विचार व्हायलाच हवा. सगळ्यांनाच डापाग्लिफ्लोझिन चालते असं नाही. वारंवार मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा आणखी काही कारणाने डॉक्टरांनी टाळली असेल. पण मग ते कारण सांगता आलं पाहिजे. "ट्रायलमध्ये बसत नाही म्हणून सुरू केली नाही" हे कारण होऊ शकत नाही. हे वाक्य मी एका बैठकीत, चहा पिता पिता, अगदी सहज म्हटलेलं ऐकलंय. आमच्या कमिटीने तो प्रोटोकॉल, म्हणजे ट्रायलचा लेखी आराखडा, परत पाठवला. संशोधक महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.

त्यांचा बचाव काय होता, तोही सांगते, कारण तो अगदीच पोकळ नव्हता. ते म्हणाले, "मॅडम, आमच्याकडे तालुक्यातून येणाऱ्या शंभरातल्या किती जणांना ही गोळी मिळते? प्रचलित उपचार तर मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि बीपीची एक गोळी एवढेच आहेत. आम्ही काही काढून घेत नाही."

"काही काढून घेत नाही" हा युक्तिवाद महाराष्ट्रात जुना आहे. १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलला मुक्काम ठेवून, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा एक प्रचंड अभ्यास सुरू झाला. ५२ गावसमूह, १,३१,७४६ स्त्रिया. चिठ्ठ्या टाकून चार भाग केले: काही गावांत एचपीव्हीची, म्हणजे या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या विषाणूची तपासणी, काहींत पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी घेऊन तपासणं, काहींत व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी, आणि चौथ्या भागात नेहमीचे उपचार, म्हणजे प्रत्यक्षात नियमित तपासणी नाहीच. २००९ मध्ये निकाल छापून आला. एचपीव्ही तपासणीच्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू, चौथ्या गटात ६४. दोन्ही गट जवळपास सारख्या आकाराचे. त्यातून आयुष्यात एकदा केलेली एक तपासणी किती जीव वाचवू शकते हे जगाला कळलं. आणि पॅप स्मिअर उपयोगी आहे हे जगाला आधीच ठाऊक असताना त्या चौथ्या गटातल्या बायकांची तपासणी का केली नाही, यावरून जो वाद पेटला तो अजून धुमसतो.

मी या वादात दोन्ही बाजूंनी बोलले आहे. तरुणपणी म्हणायचे, तिथे तपासणी नव्हतीच, अभ्यास झाला म्हणून निदान पाऊण गावांना ती मिळाली. आता तसं म्हणवत नाही. कारण "इथे काही नव्हतंच" या पायावर तुलना उभी केली की ज्या गावात सरकारने कमी दिलं, तिथे संशोधकानेही कमी दिलं तर चालतं असा अर्थ निघतो. म्हणून म्हणते, तुमच्या बाबांच्या बाबतीत "तालुक्यात काय मिळतं" हे माप लावू देऊ नका. पुण्या-मुंबईतल्या चांगल्या किडनीतज्ज्ञाने त्यांना आज काय दिलं असतं, ते माप लावा. जमलं तर ट्रायलशी संबंध नसलेल्या एका डॉक्टरांना फाइल दाखवा. पाच-सातशे रुपये जातील. जाऊ देत.

आता सहीकडे येते.

बाबा म्हणताहेत "डॉक्टर सांगताहेत तर". यात विश्वास आहे आणि भीडही आहे. आपल्याकडे म्हणतात ना, भीड ही भिकेची बहीण. उपचार करणारा आणि संशोधन करणारा डॉक्टर एकच असला की रुग्णाला वाटतं, नाही म्हटलं तर डॉक्टरांना राग येईल, पुढच्या वेळी नीट बघणार नाहीत. हे कोणी बोलून दाखवत नाही. दुसरी बाजूही तुम्हाला माहीत असावी: प्रत्येक रुग्णामागे औषध कंपनी संशोधकाला किंवा रुग्णालयाला ठरावीक रक्कम देते. त्यात लाच वगैरे काही नाही. कोऑर्डिनेटरचा पगार, फ्रिज, कागदपत्रं, डॉक्टरांचा वेळ या सगळ्याला पैसे लागतात, करार लिखित असतो आणि तो एथिक्स कमिटीसमोर येतो. पण "अजून चार पेशंट हवेत" असा कंपनीचा फोन आल्यावर ओपीडीत बसलेल्या डॉक्टरांची नजर किंचित बदलते. माझीही बदलली आहे. म्हणून आम्ही पुढे एक पद्धत पाडली: सहीची चर्चा रुग्णाचे नेहमीचे डॉक्टर करणार नाहीत, दुसरं कोणीतरी करेल. जिथे माणसंच दोन आहेत तिथे हे जमत नाही हे मला कळतं.

आणि विश्वास किती आंधळा असतो, त्याची माझ्याच हातून घडलेली गोष्ट. दहा-बारा वर्षं झाली. मराठवाड्यातले एक शेतकरी गृहस्थ ट्रायलमध्ये होते. मी स्वतः त्यांना पाऊण तास सगळं समजावलं होतं, प्रत्येक पानानंतर "समजलं ना काका?" विचारलं, त्यांनी प्रत्येक वेळी मान हलवली. चौथ्या महिन्यात रक्त देताना ते सहज म्हणाले, "म्याडम, हे जीवनदायीतनं चाललंय ना? योजना कधीपर्यंत हाय?" त्यांच्या लेखी ती सरकारी योजना होती. नव्या औषधाची परीक्षा, चिठ्ठी, नकली गोळी, यातलं काहीही पोचलं नव्हतं. कागद मात्र निर्दोष होता: सही, तारीख, वेळ, साक्षीदार. कुठल्याही तपासणीत तो शंभर टक्के पास झाला असता.

त्यानंतर "समजलं ना" हा प्रश्न मी बंद केला. रुग्णाला म्हणायचे, "आता घरी जाऊन तुमच्या सूनबाईंना काय सांगाल, तेच मला सांगा." तुम्हीही आज बाबांना हेच करायला लावा. त्यांनी "डॉक्टर नवीन चांगलं औषध देणार आहेत" असं सांगितलं, तर संमती झालेलीच नाही असं समजा. "निम्म्या लोकांना खोटी गोळी असते, मला कुठली आहे ते डॉक्टरांनाही माहीत नसेल, मधेच सोडता येतं" असं सांगितलं, तर झाली.

यात दोष निम्मा त्या कागदाचा असतो. इंग्रजीतून शब्दाला शब्द ठेवून केलेलं मराठी. "आपणास दुहेरी-अंध पद्धतीने यादृच्छिकपणे नियुक्त करण्यात येईल" (दुहेरी-अंध म्हणजे कुठली गोळी हे रुग्णालाही माहीत नाही, डॉक्टरांनाही नाही) हे वाक्य वाचून एका बाईंनी आमच्या कोऑर्डिनेटरला विचारलं होतं, "डोळ्यांवर परिणाम होतो का याचा?" आमच्या कमिटीवर सर्वसामान्य नागरिकांच्या प्रतिनिधी म्हणून एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्या लाल पेन घेऊनच यायच्या. एकदा म्हणाल्या, "यादृच्छिक म्हणजे चिठ्ठ्या टाकणार, हो ना? मग चिठ्ठ्या टाकणार असं लिहा की." कंपनीकडून उत्तर आलं, मराठीचं पुन्हा इंग्रजी करून तपासतात, त्यात ‘चिठ्ठी’ मूळ शब्दाशी जुळत नाही. बाई म्हणाल्या, "मग मूळ शब्द बदला." त्या दिवशी बैठक एक तास लांबली, आणि चिठ्ठी राहिली.

एथिक्स कमिटीबद्दल दोन शब्द, कारण तुमच्या कागदावर तिचं नाव आणि फोन असतो आणि कोणी तो वापरत नाही. २०१९ च्या नव्या नियमांप्रमाणे तिच्यात किमान सात माणसं हवीत, निम्मी त्या संस्थेबाहेरची हवीत, अध्यक्ष बाहेरचाच हवा, एक कायद्याचा जाणकार, एक सर्वसामान्य नागरिक आणि किमान एक स्त्री हवी. कागदावर हे उत्तम आहे. प्रत्यक्षात एका दुपारी जाडजूड फायलींचा गठ्ठा येतो, बाहेरच्या सदस्यांना त्या आदल्या रात्री मिळालेल्या असतात, पाच वाजता सगळ्यांना गाडी गाठायची असते. मंजुरी मिळालेल्या ट्रायलकडे नंतर जाऊन बघणं तर फारच थोड्या कमिट्या करतात. तेव्हा "एथिक्स कमिटीने मंजूर केलंय" हे ऐकून निर्धास्त होऊ नका. सीटीआरआय क्रमांक मागा. अशा ट्रायलची या राष्ट्रीय नोंदवहीत नोंद करणं २००९ पासून सक्तीचं आहे, ती इंटरनेटवर कोणालाही बघता येते. त्यात ट्रायल कुठे कुठे चालू आहे, किती रुग्ण घेणार, काय मोजणार, प्लासिबोच्या गटाला काय देणार, सगळं असतं. दहा मिनिटांचं काम आहे.

हे नियम काही आपोआप आले नाहीत. सहीच्या मागे माणूस उभा नसला की काय होतं, याची आपल्याकडची सगळ्यात बोचरी गोष्ट खम्मम जिल्ह्यातली आहे. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मममध्ये आणि गुजरातेत वडोदऱ्यात दहा ते चौदा वर्षांच्या मुलींना एचपीव्हीची लस देण्याचा प्रकल्प सुरू झाला. खम्मममध्ये बऱ्याच मुली आदिवासी वसतिगृहांत राहणाऱ्या होत्या. आईबाप लांबच्या पाड्यांवर, मग त्यांच्या जागी वॉर्डनने आणि मुख्याध्यापकांनी सह्या केल्या. एकेकाने गठ्ठ्याने. पुढे सात मुलींच्या मृत्यूच्या बातम्या आल्या आणि एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवला. ते मृत्यू लशीमुळे झाले नव्हते असंच चौकशीतून पुढे आलं, आणि ती लस चांगली आहे हे मी इथे ठासून सांगते. तुमच्या घरात मुलगी असेल तर डॉक्टरांना जरूर विचारा. पण संसदीय समितीने २०१३ मध्ये जे ताशेरे ओढले ते बरोबरच होते. वसतिगृहातल्या बारा वर्षांच्या मुलीने "मला नको" म्हटलं असतं तर काय झालं असतं? काहीच नाही. रांगेत पुढे ढकललं असतं.

तसं पाहिलं तर आपल्या मुंबईतली पहिली गाजलेली लसचाचणीही अशाच जागी झाली. प्लेगच्या साथीत लस बनवणाऱ्या हाफकिनने १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला लस टोचून घेतली, आणि महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात, जे कैदी तयार झाले त्यांना लस देऊन, बाकीच्यांशी तुलना केली. विज्ञान म्हणून फार देखणं काम. स्वतःवर आधी प्रयोग करण्याचा प्रामाणिकपणाही होता. आज तोच प्रोटोकॉल माझ्यासमोर आला तर मी पहिल्या पानावर थांबेन: तुरुंगात ‘तयार झाले’ म्हणजे नेमकं काय?

२०१२ मध्ये ट्रायलमधल्या गैरप्रकारांविरुद्ध स्वास्थ्य अधिकार मंच ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली, त्यानंतर २०१३ मध्ये नियम भराभर बदलले, आणि २०१९ मध्ये सगळं एकत्र करून नवे नियम आले. बाबांच्या कागदात वार्षिक उत्पन्न आणि वारसाचं नाव विचारलेलं दिसेल. अनेक घरांत इथेच पाल चुकचुकते, वारस कशाला, मरणार आहेत की काय? नाही. काही बरंवाईट झालं तर भरपाई कोणाला द्यायची, एवढ्यासाठी तो रकाना आहे. तो नसेल तर काळजी करा.

भरपाईचा हिशेब कायद्यात दिलेला आहे, तो बाबांसाठी करून दाखवते. मृत्यू झाला आणि तो ट्रायलमुळे झाला असं ठरलं तर: आठ लाख, गुणिले वयाचा गुणांक, गुणिले धोक्याचा गुणांक, भागिले ९९.३७. वयाचा गुणांक कामगार भरपाईच्या कायद्यातून उचललाय. ६५ आणि त्यापुढे तो ९९.३७ आहे, म्हणजे भागाकारात उडून जातो. धोक्याचा गुणांक आधीच्या आजाराप्रमाणे ०.५ ते ४. मरणासन्न रुग्णाला ०.५, निरोगी स्वयंसेवकाला ४. बाबांना मध्यम धोका धरून २ लावला तर १६ लाख. तिशीतल्या माणसाला त्याच गुणांकाने साधारण साडेतेहतीस लाख होतात. म्हातारा माणूस निम्म्यापेक्षा स्वस्त का? कारण सूत्र कमाईवर बांधलंय. मला ते पटत नाही, पण पूर्वी कंपनी देईल ते घ्यायचं होतं, त्या मानाने हे बरं.

पैशापेक्षा उपयोगाची तरतूद उपचारांची आहे. ट्रायलच्या काळात काही दुखापत, आजार झाला तर त्याचे उपचार मोफत करायचे, गरज असेपर्यंत, किंवा त्याचा ट्रायलशी संबंध नाही हे सिद्ध होईपर्यंत. म्हणजे संबंध नाही हे त्यांनी दाखवायचं. तोवर बिल तुमच्याकडे येता कामा नये. गंभीर घटना घडली की संशोधकाने २४ तासांत औषध नियंत्रक, कंपनी आणि एथिक्स कमिटी या तिघांना कळवायचं असतं. त्यासाठी आधी त्याला कळलं पाहिजे. इथे घरच्यांचं काम येतं. रात्री बाबांना जवळच्या दुसऱ्या दवाखान्यात नेलं आणि ट्रायलवाल्यांना पंधरा दिवसांनी पुढच्या भेटीत सांगितलं, की सगळा माग पुसट होतो. आणि एक: प्लासिबोच्या गटात असताना, प्रोटोकॉलप्रमाणे द्यायचे आणि उपलब्ध असलेले प्रचलित उपचार न दिल्यामुळे नुकसान झालं, तर तेही भरपाईच्या व्याख्येत बसतं. वर एवढं पाल्हाळ लावून ‘चालू उपचार’ नावानिशी लिहून घ्या म्हटलं, त्याचं हेही एक कारण.

बाबांना एक गोष्ट मात्र दटावून सांगा. घेतात ते सगळं सांगायचं. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅक, कोणीतरी दिलेली भस्माची पुडी, सकाळचा काढा, सगळं. डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या किडनीला नुकसान करू शकतात. आमच्याकडे एका गृहस्थांचं क्रिएटिनिन अचानक चढलं, आम्ही औषधावर संशय घेतला, कंपनीला कळवलं, गोळ्या थांबवल्या. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या बायकोने हळूच पिशवीतून एक बिनालेबलची डबी काढून दाखवली. "त्यांनी सांगू नका म्हटलं होतं, तुम्ही रागवाल म्हणून." रागावणारे डॉक्टर असले की माहिती डबीतच राहते, हा दोष आमचाही.

ट्रायल संपल्यावर हे औषध बाबांना मिळत राहील, अशी आशा फार धरू नका. नियमात सोय आहे, पण ती मुख्यतः दुसरा पर्यायी उपचार नाही अशा वेळी. तुमच्या आजारात पर्याय आहेत. तेव्हा दोन-तीन वर्षांनी मोफत तपासण्या बंद होतील, मग पुढचा खर्च कसा, हे घरात आधी बोलून ठेवा. मधेच सोडायचं झालं तर कारण न देता सोडता येतं. फक्त गोळ्या आपल्या मनाने एकदम बंद न करता शेवटच्या तपासणीला जा.

माझ्या वडिलांना कोणी विचारलं असतं तर? मूळ उपचार पूर्ण मिळत असतील, रुग्णालय घरापासून तासाभरात असेल आणि त्यांना स्वतःला करावंसं वाटत असेल, तर मी हो म्हटलं असतं. ट्रायलमधल्या रुग्णाकडे लक्ष जरा जास्तच दिलं जातं हेही खरं. यातली पहिली अट मोडत असेल तर नाही.

एक काम आजच करता येईल. संमतीपत्राच्या शेवटच्या पानांवर अडचण आल्यास संपर्क म्हणून संशोधकांचा नंबर दिलेला असतो. आज रात्री साडेनऊनंतर तो लावून बघा. काही खोटं सांगू नका, "आम्ही संमतीपत्र वाचतोय, एक शंका होती" एवढंच म्हणा. कोण उचलतं, कितव्या रिंगला उचलतं, आणि बाबांचं नाव सांगितल्यावर त्यांना ते कोण हे आठवतं का, ते लिहून ठेवा आणि सोमवारी सोबत घेऊन जा.